चाकावरचा घरजावई

वळण संपलं की चाक सोडून द्यायचं, ते आपलं आपण सरळ होतं, हे वाक्य मास्तरणीनं जन्मात इतक्या वेळा उच्चारलं होतं की तिला गाढ झोपेतून हलवून उठवलं असतं तरी तोंडातून पहिलं तेच पडलं असतं. ती गाडी चालवायला शिकवायची. शहरातल्या निम्म्या लोकांना आपण क्लच सोडायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्यापासून जीव वाचवायला, असं ती स्वतःच सांगायची. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक, हात मांडीवर, चेहरा दगडाचा. शिकणाऱ्याला वाटलं पाहिजे की गाडी तोच चालवतोय. त्या दिवशी शिकायला होत्या एक निवृत्त हेडबाई. जन्मभर शाळा हाकलेल्या, त्यामुळे चाकाला दोन्ही हातांनी अशा धरून बसायच्या की जणू ते वर्गातून पळून जाणार आहे. दवाखान्याच्या कोपऱ्यावर वळण आलं, झालं. "सोडा आता," मास्तरीण म्हणाली, आणि हेडबाईंनी दोन्ही हात थेट खांद्यापर्यंत वर केले, समोरून कुणी पिस्तूल रोखल्यासारखे. चाक सरसर फिरलं, सरळ झालं, आणि थांबण्यापूर्वी किंचित पुढं जाऊन, जरासं अडखळून, परत मागं आलं. एवढंच. रोजचंच. पण त्या अडखळण्यात कुणीतरी होतं. दिसलं असं नव्हे. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर आत माणूस आहे हे दिवा लावायच्या आधी कळतं, तसं तिला ते कळलं. तिचा पाय ब्रेकवर पडला, सगळं वजन घेऊन. गाडी भर रस्त्यात उभी राहिली. मागच्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून तिच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"का हो दाबलात ब्रेक?" हेडबाई म्हणाल्या. हात अजून वरच होते. "समोर तर कुणीच नाही."

"हो ना," मास्तरीण म्हणाली. "कुणीच नाही."

तिथून तिचं बिनसलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाठीत उसण भरल्याचं सांगून धडे पुढं ढकलले आणि पायी भटकत राहिली, तर शहरात जिकडंतिकडं चाकंच. शिंप्याच्या दुकानात शिंपी मान वळवून गिऱ्हाइकाशी बोलत होता आणि मशीनचं चाक त्याच्या हाताशिवाय दोन फेरे घेऊन निवांत थांबलं. बँकेचं गोल फिरणारं दार एक माणूस बाहेर काढून झाल्यावर रिकामंच फिरत राहिलं, आणि आत शिरणाऱ्या बायका त्या रिकाम्या कप्प्याला वाट देऊन थांबल्या. तिला आपला धंदा डोळ्यांसमोर दिसायला लागला: रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरणाऱ्या चाकाशेजारी बसणं. आजवर त्या चाकाला शिकणाऱ्याचे हात असायचे आणि ती त्या हातांकडं बघायची. आता तिचे डोळे हातांवर ठरेनात, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर जाऊन बसले. असं राहिलं तर एक दिवस आपण कुणाला तरी ट्रकखाली घालू, हे तिला हिशेबासारखं स्वच्छ कळत होतं. आणि ह्याचं मूळ कुठं आहे हेही कळत होतं. मूळ धक्क्यावर बांधलेलं होतं, ताडपत्रीखाली, दोन वर्षं.

घरी नणंद खिडकीशी रेडिओ घेऊन बसलेली असायची. थोरली नणंद, नवरा जाऊन जमाना झालेला. भाऊ समुद्रात गेला तेव्हा चार दिवस म्हणून आली आणि राहिली. रेडिओवर ती बाकी काही ऐकत नसे; गाणी लागली की बंद, बातम्या लागल्या की बंद. समुद्राचं हवामान सांगायला लागले की आवाज मोठा. लाटा एवढ्या, वारा अमुक बाजूनं, मच्छीमारांनी अमुक करावं, हे सगळं ती कुणीतरी प्रवासाला निघालंय अशा चेहऱ्यानं ऐकायची. आणि रोज संध्याकाळी, स्वयंपाकघर आवरून मास्तरीण हात पुसत बाहेर आली की ती विचारायची, "गॅस बंद केलास ना?" आणि मग त्याच आवाजात, तेवढ्याच सहज, "तू सगळीकडं बघितलंस ना गं?" मास्तरीण म्हणायची, "हो वन्सं. सगळीकडं." मग दोघी आपापल्या खोलीत जायच्या. दोन वर्षांत ह्यात एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. त्या 'हो'वर दोघींचं घर उभं होतं, आणि उभं होतं म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं.

"बोट विकतेय मी," मास्तरणीनं सांगून टाकलं. "दातांचे डॉक्टर मागं लागलेत केव्हाचे. रविवारी त्यांना शिकवून हातात देते."

"विकलीस तर तो यायचा कशावर?"

"वन्सं, दोन वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? कुणाला चष्मा तरी वेळेवर दिलाय का त्यानं कधी?"

खरंच दिला नव्हता. तिचा नवरा चष्मेवाला होता, भिंगं स्वतः घासायचा, आणि केसाच्या जाडीइतका फरक राहिला तरी ते भिंग बाजूला ठेवून दुसरं घ्यायचा. गिऱ्हाइकं आंधळी होईपर्यंत वाट बघायची. हा असला माणूस शिडाच्या बोटीच्या नादी लागला. बोट जुनी, पण तिला चाक होतं. धक्क्यावरचे जाणते म्हणाले, लहान बोटीला सुकाणूची काठीच बरी, काठी धरली की सुकाणू सरळ हातात येतं. तो म्हणाला, काठी धरायला मी काय शेळ्या हाकतोय? चाकच पाहिजे. मग ह्या चाकावर त्यानं ते वाऱ्याचं यंत्र बसवायला घेतलं, तेव्हा तर जाणत्यांनी हात जोडले. यंत्र म्हणजे बोटीच्या शेपटीला उभं केलेलं एक पातळ फळीचं पातं. वारा ठरल्या बाजूनं येतोय तोवर ते ताठ उभं. बोट जरा भरकटली की वारा पात्याला आडवं पाडतो. पातं पडलं की खाली पाण्यात बुडवलेलं वल्हं वळतं. वळलेल्या वल्ह्याला धावतं पाणी बाजूला ढकलतं, आणि पाण्याचा तो सगळा जोर दोन दोऱ्यांवाटे येऊन सुकाणू फिरवतो. बोट जागेवर आली की पातं पुन्हा ताठ. ना इंजिन, ना बॅटरी. काठी असती तर दोन दोऱ्या बांधल्या की काम फत्ते. चाक म्हटलं की चाकाच्या छातीवर ड्रम बसवा, ड्रमभोवती दोऱ्या गुंडाळा, त्या दोऱ्या कप्प्या-कप्प्यांतून फिरवत मागं न्या, आणि प्रत्येक कप्पीपाशी थोडी थोडी ढील. दोऱ्या आवळल्या की चाक अडकतं, सोडल्या की ऐकत नाही. चष्मेवाल्यानं अख्खा एक उन्हाळा ती ढील काढण्यात घालवला. गिऱ्हाइकं चाचपडत होती. शेवटी करंगळीएवढी उरली, तेव्हा म्हणाला, राहू दे एवढी. माणूससुद्धा हाक मारल्या मारल्या कुठं उठतो?

त्या उरलेल्या ढिलीमुळं चाक कधीच लगेच फिरायचं नाही. मागं पातं पडायचं, दोरी ताणली जायची, चाक क्षणभर तसंच राहायचं, विचार केल्यासारखं, आणि मग फिरायचं. सरळ होताना किंचित पुढं जाऊन परत मागं. नवऱ्यानं त्याचं नाव ठेवलं घरजावई. "अरे पण मुलगी नाही आपल्याला," ती म्हणाली होती. "म्हणून तर बरा," तो म्हणाला. "खात नाही, झोपत नाही, सासऱ्याला उलटून बोलत नाही. असा जावई मुली असणाऱ्यांना तरी मिळतो का?" फार हसले होते दोघं. मूल नसलेल्या घरात असल्या गोष्टीवर हसायला एक वेगळंच बळ लागतं, ते त्या दिवशी दोघांजवळ होतं. मग हळूहळू घरजावई घरातलाच झाला. तो चाकावर असला की नवरा पाय पसरून बसायचा, टोपी डोळ्यांवर ओढायचा. तिला मात्र त्या चाकाकडं पाठ करता यायची नाही. माणूस नसताना फिरणारं चाक तिच्या धंद्यात अपघात असतो. तिचा हात आपोआप तिकडं जायचा आणि नवरा टोपीखालून म्हणायचा, "त्याच्या कामात लुडबूड करू नकोस. तुझ्यापेक्षा सरळ नेतो तो."

आणि ते झालं ते दिवसाढवळ्या झालं, भर उन्हात, शांत पाण्यावर. वादळ असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. तिनं ते इतक्यांदा सांगितलं होतं की तेही आता वळण संपलं की चाक सोडायचं ह्यासारखं झालं होतं, पाठ. वायरलेसवर, पोलिसांना, शोधायला आलेल्या लाँचवाल्यांना, वन्संना. दुपारी मी खाली आडवी झाले, सावलीच्या बाजूच्या बाकावर. तो वर होता. ऊन तोंडावर आलं म्हणून जाग आली. चहा टाकला. दोन कप घेऊन वर आले. चाक फिरत होतं आणि तो नव्हता. इथं लोक च्च च्च करायचे, त्यामुळं पुढचं विचारायचं राहून जायचं. पुढचं असं होतं की ती ओरडली नाही. ती बसली. पुढं भलं मोठं शीड होतं, त्याच्या पलीकडचं बोटीचं टोक मागून दिसायचं नाही, आणि नवरा रुसला की तिथंच जाऊन बसायचा. तो रुसलेला होताच. सकाळीच वाजलं होतं दोघांचं. त्याला दुकानाला कुलूप घालून महिनोन्महिने लांब जायचं होतं, तिला शिकवणी सोडायची नव्हती. म्हणून ती चहा पीत बसली आणि शिडाशी बोलत राहिली. बरंच बोलली. शीड फुगलेलं, शांत, थोडं हलणारं, ऐकणाऱ्या माणसाच्या छातीसारखं. उत्तर येत नव्हतं, पण त्याचं उत्तर न येणं हे तिला काल-परवाचं नव्हतं. लग्नाइतकं जुनं होतं. शेवटी ती म्हणाली, "जायचं तर जा ना. मी काय तुला धरून ठेवलंय?" आणि तिच्या शेजारी चाक क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं थांबलं, आणि फिरलं. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की ह्या बोटीवर आपल्याला उत्तर देणारं एवढंच आहे. ती पुढं गेली, शीड हातानं बाजूला केलं. तिथं दोरीचं वेटोळं होतं, ऊन होतं.

मग तिनं केलं ते सगळं बरोबर केलं. ड्रम अडकवणारी खुंटी उपसून घरजावयाला चाकावरून उतरवलं, होकायंत्र बघितलं, बोट उलटी फिरवली आणि आलो त्या रेषेनं, बरोबर उलट अंश धरून, सरळ मागं गेली. नजर पाण्यावर, घसा फुटेपर्यंत हाका. लाँचवाले आले, त्यांनाही तिनं तीच रेषा दिली. त्यांनी त्या रेषेच्या दोन्ही अंगांना पाणी विंचरून काढलं. दिवस मावळेपर्यंत, दुसरा दिवसभर. म्हणून ती म्हणू शकत होती, हो वन्सं, सगळीकडं. ही गोष्ट तिच्याजवळ होती. गेलेल्या माणसाच्या बायकोजवळ कपडे असतात, घड्याळ असतं. हिच्याजवळ ती रेषा होती, सरळ आणि संपूर्ण तपासलेली.

रविवारी दातांचे डॉक्टर उन्हाची टोपी, काळा चष्मा आणि नाकाला पांढरं मलम लावून धक्क्यावर हजर झाले. निवृत्त गृहस्थ, बोलके. प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघायची नाहीत. जन्मभर ज्यांना विचारलं त्यांची तोंडं कापसानं भरलेली होती. बंदर सोडून मोकळ्या पाण्यावर आल्यावर मास्तरणीनं शिडं लावली, इंजिन बंद केलं आणि डॉक्टरांना चाकावर बसवलं. दूरचा किनारा उन्हाच्या धुरकट पडद्यामागं अर्धा बुजला होता. शांतता झाली की बोटीच्या अंगाचे बारीकसारीक आवाज वर येतात, तसे ते आले, आणि ती चाकाकडं पाठ होणार नाही अशी सरकून बसली. पण शिकवायला बसलं की तिचा आवाज तिच्यापेक्षा धीट व्हायचा.

"हा नॉब सैल करा आधी. चाकाचा ब्रेक आहे हा. आवळलेला राहिला तर मागं पातं बिचारं जीव काढतं आणि चाक ढिम्म. आता ही खुंटी ड्रममध्ये सोडा. वाजली का टक्? हं. आता हात काढा."

"काढतो. पण बोटीला कळलं म्हणजे, की हात काढले?"

"बोटीला कळत नाही, डॉक्टर."

"घोड्याला कळतं."

"काढा."

"काढले! अहो काढले की," डॉक्टर म्हणाले, आणि एका बोटानं चाकाला टेकून राहिले. तिनं ते बोट उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मागं पातं कलंडलं. दोरी ताणली. चाक थांबलं, आणि फिरलं, आणि किंचित पुढं जाऊन परत आलं. डॉक्टरांनी काळा चष्मा कपाळावर सरकवून चाकाकडं निरखून बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी भुतांना भीत नाही हां. भुतांना दात नसतात, त्यामुळं आमचा कधी संबंध आला नाही. पण कुणी बसलंय का हो इथं?"

"घरजावई बसलाय," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपला आवाज कापेल. कापला नाही. उलट चाकाकडं बघता बघता तिला एक घाणेरडी सुस्ती चढायला लागली, जसं ओळखीच्या माणसाच्या घोरण्यानं झोप यावी. तीच ढील, तेच थांबणं. नवऱ्याच्या हातानं मारलेल्या गाठी अजून तशाच होत्या. कुणी म्हणेल, दोऱ्या त्या, त्या काय लक्षात ठेवणार. पण त्या दोऱ्यांत त्याचा तो अख्खा उन्हाळा आवळून बसवलेला होता, आणि आता तो थोडा थोडा सुटत होता, थांबत, फिरत. ती पाठ म्हणावं तसं म्हणत राहिली, "एक लक्षात ठेवा. ह्याला उत्तर-दक्षिण कळत नाही. वारा डाव्या गालावर ठेव म्हटलं की ठेवतो. वारा फिरला की हाही त्याच्याबरोबर फिरतो, बोटीला घेऊन. आपल्याला काही जाणवत नाही. म्हणून अधूनमधून होकायंत्राकडं नजर टाकायची." डॉक्टर म्हणाले, "वा!" आणि खारे दाणे काढले. नजर कुणीच टाकली नाही. चाक फिरत होतं, पाणी मागं जात होतं, डॉक्टर आपल्या एका पेशंटची गोष्ट सांगत होते ज्याची अक्कलदाढ सत्तराव्या वर्षी आली आणि त्यानं लगेच दुसरं लग्न केलं. गोष्ट लांबत गेली, दाणे संपले, आणि मध्येच डॉक्टरांनी टोपी ह्या कानावरून त्या कानावर ओढली.

"काय गंमत आहे. मघाशी ऊन ह्या गालाला भाजत होतं, आता ह्या गालाला भाजतंय. वारा मात्र होता तिथंच आहे."

"वारा फिरला असेल," मास्तरीण म्हणाली, शिकवण्याच्या आवाजात. "वारा फिरला की हाही फिरतो. आपल्याला वाटतं सर—"

ती थांबली. तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांनी सवयीनं आत बघितलं.

ऊन तोंडावर आलं म्हणून जाग आली. हे वाक्य तिनं किती जणांना सांगितलं होतं. तिच्याच तोंडातून निघून तिच्याच कानांवरून इतके दिवस ते गेलं होतं, रस्त्यावरच्या बँडसारखं. सावलीच्या बाजूच्या बाकावर झोपले होते, ऊन तोंडावर आलं. ऊन कुठून आलं? ते सूर्य सरकल्याचं ऊन नव्हतं. तेवढी काही ती झोपली नव्हती. बोट फिरली होती. ती खाली झोपलेली असताना, तो पाण्यात पडला ते वळणाच्या सुरुवातीला की मध्ये कोण जाणे, पण त्या दुपारी वारा हळूच सरकला होता आणि घरजावई इमानेइतबारे त्याच्यामागं गेला होता, एक भलंमोठं, सावकाश, कुणाला न कळणारं वळण घेत. ती वर आली तेव्हा होकायंत्रात दिसत होती ती वळणाच्या शेवटची दिशा. तिनं ती उलटी केली आणि सरळ गेली. ज्या पाण्यावरून बोट कधी आलीच नव्हती त्या पाण्यावरून, हाका मारत. लाँचवाल्यांनीही तेच पाणी विंचरलं. आणि तो तिकडं होता, वळणावर, कमानीत कुठंतरी. पोहणं त्याला उत्तम यायचं. लांबवर आपली बोट आपल्याला सोडून जाताना त्यानं बघितली असेल. मग ती वळताना बघितली असेल, आणि वाटलं असेल, आली. मग ती भलतीकडंच, नाकासमोर, हाका मारत जाताना बघितली असेल. हाका ऐकू आल्या असतील का? पाण्यावरून आवाज लांब जातो. सबंध दुपार. दुसरा दिवससुद्धा, कुणाला माहीत. जिच्या भरवशावर लोक चाक हातात घेतात, वळण म्हणजे काय हे जी रोज शिकवते, तिला वळण कळलं नाही. वारा फिरला की तो फिरतो, हे तिला त्या दिवशीही पाठ होतं, आत्ता म्हटलं तसंच पाठ, अडखळल्याशिवाय.

"काय झालं? दुखतंय का कुठं?" डॉक्टर विचारत होते. "बोट वाकडी चाललीय म्हणता ना? मग वळवा की सरळ. मास्तरीणबाई?"

"थांबा," ती म्हणाली. "चाकाला हात लावू नका."

"मी कुठं लावतोय!"

तिनं जाऊ दिलं. वारा आणखी सरकत होता, पातं पडत होतं, उठत होतं, चाक विचार करत होतं आणि वळत होतं, आणि ती पहिल्यांदाच ते वळण अंगात भरून घेत होती, जसं नव्या शिकणाऱ्याला ती सांगायची, बघू नका, जाणवू द्या. किनारा कधी पुढं होता, कधी बाजूला. मग तो धुरकट उन्हात विरघळला आणि कुठलीच बाजू उरली नाही. डॉक्टर एव्हाना दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसले होते. मग वारा पडला. हळूहळू नव्हे; कुणी दार लावून घ्यावं तसा. शिडं लोंबली. पातं ताठ उभं राहिलं आणि कलेना. पाणी तेलासारखं सपाट झालं, आणि चाक, दिवसभरात पहिल्यांदा, अजिबात हलेनासं झालं.

"पोहोचलो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठं?"

"मला काय माहीत? त्यानं थांबवलं म्हणून म्हटलं."

ती कठड्यापाशी गेली. पाणी पाण्यासारखं होतं. हेच ते पाणी असं म्हणायला काही आधार नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा वारा वेगळा, वळण वेगळं, आणि समुद्र काही कोपऱ्यावरचा दवाखाना नव्हे की परत गेलं तर तिथंच असायचा. हे तिला कळत होतं. तरी ती वाकून बघत राहिली, आणि तिला पाण्याकडून बघितलं जातंय असं वाटत राहिलं. रागानं नव्हे, रडूनही नव्हे. फार वेळ वाट बघितलेल्या गिऱ्हाइकाच्या नजरेनं. मागं काहीतरी वाजलं. ती वळली. डॉक्टर लांब, कोपऱ्यात सरकून बसलेले. चाक स्थिर. "मी नाही हं काही केलं," डॉक्टर म्हणाले. "ते आपलं आपण सरळ झालं."

इंजिनवर परत आले. डॉक्टर धक्क्यावर उतरले, फोन करतो म्हणाले, आणि टोपी विसरून गेले.

घरी वन्सं खिडकीशी होत्या. रेडिओ बंद होता. बाहेर अजून लख्ख उजेड होता, त्यामुळं रोजचा तो प्रश्न आज एवढ्यात येणार नाही अशा समजुतीनं मास्तरीण खुर्चीत बसली. अंगाला मिठाचा वास होता. वन्संनी तो नाकानं ओढून घेतला.

"विकलीस?"

"नाही."

"का गं?"

आता इथं ती काहीही सांगू शकली असती. डॉक्टर घाबरले म्हणाली असती तर वन्सं दोन दिवस हसल्या असत्या. आणि दिवेलागणीला विचारलं असतं, आणि ती हो म्हणाली असती, आणि घर होतं तसं उभं राहिलं असतं, दोघी मरेपर्यंत. सोपं होतं. नुसतं सोडून द्यायचं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "मी सगळीकडं नाही बघितलं."

वन्संनी मान वळवली.

"आमची बोट वाकडी गेली होती. वारा फिरला होता. मला कळलं नाही. मी सरळ मागं जाऊन शोधलं, लाँचवाल्यांना पण तेच सांगितलं. तो होता त्या बाजूला कुणीच गेलं नाही. एकदाही."

म्हणून झाल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं वन्सं ऊर बडवतील. वाटलं, उठून थोबाडीत देतील, आणि ती खाण्यासाठी तिनं गाल नकळत पुढं केलासुद्धा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, गुडघ्यांवर हात देऊन उठताना वन्सं करायच्या तो हुंकार, आणि फरशीवर पावलांचा, कपाट उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा. तिनं डोळे उघडले. ज्या बाईनं भावाच्या बोटीवर जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं, पुलावरून जाताना जी बसमध्ये डोळे मिटून घ्यायची, ती दारात उभी राहून चपला घालत होती. एका हातात भावाचा स्वेटर होता, घडी घातलेला. तिकडं गार असेल म्हणून.

"वन्सं, दोन वर्षं झाली हो."

"ते मला नको सांगूस," वन्सं म्हणाल्या. पट्टा बसत नव्हता, म्हणून वाकूनच बोलत होत्या, आणि आवाज अगदी रोजचा होता, जरासा वैतागलेला. "एवढं माहीत होतं तर बसलीस काय अशी? तो आधीच चिडलेला असेल. ऊठ. उजेड आहे तोवर जाऊन येऊ."